पिशवीतले पुस्तक

आमच्या भाचेसाहेबांचा गेल्या माघात अमेरिकेहून फोन आला. "मामा, आम्ही दोघं दहा दिवस वेस्ट इंडीजला निघालोय. जाताना काय वाचू?"

आता मराठीच्या प्राध्यापकाला, तोही अंबडच्या, वेस्ट इंडीजविषयी विचारणे म्हणजे सोनाराला नांगराचा फाळ मागण्यासारखे आहे. आमच्या पिढीला ती बेटे क्रिकेटमुळे माहीत. १९७१ साली गावसकरांनी पहिल्याच दौऱ्यात चार कसोट्यांत ७७४ धावा काढल्या, ही कथा आम्ही रामायणासारखी वडिलांच्या तोंडून ऐकली, आणि पोर्ट ऑफ स्पेन हे गाव मनमाडच्या थोडे पलीकडे असावे इतक्या सलगीने ते नाव घरात घेतले जाई. परंतु मामाने 'मला ठाऊक नाही' म्हणायचे नसते. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली, कॉलेजातल्या इंग्रजीच्या सहकाऱ्यांना गाठले, आणि तीन नावे कळवली. नायपॉल यांची १९६१ची 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास' ही कादंबरी, सी. एल. आर. जेम्स यांचे १९६३चे 'बियाँड अ बाउंडरी', म्हणजे क्रिकेटच्या आडून सांगितलेली साऱ्या समाजाची गोष्ट. आणि डेरेक वॉलकॉट या सेंट लुशियाच्या कवीने १९९२ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेले भाषण.

माझा अंदाज असा की, भाचेसाहेब समुद्रकिनाऱ्यावर आडवे पडतील आणि पुस्तके पेटीतच राहतील. पण तसे झाले नाही. त्रिनिदादमध्ये शगुआनास नावाचे गाव आहे. तिथले 'लायन हाउस' हे नायपॉल यांच्या आजोळचे घर, आणि कादंबरीतले 'हनुमान हाउस' त्याच्यावरूनच उभे केलेले. पुस्तक वाचले नसते तर ती जुनी पांढरी इमारत गाडीतून पाहून आम्ही पुढे गेलो असतो, असे भाच्याने लिहिले. वाचले होते म्हणून तो समोरच्या बाजूला उन्हात अर्धा तास उभा राहिला. बिस्वास हा साधा माणूस. सासुरवाडीच्या गर्दीतून सुटून स्वतःचे चार भिंतींचे घर व्हावे, एवढ्याचसाठी त्याचा जन्म जातो. शेवटी मिळते तेही कर्जातले आणि कुठे कुठे वाकलेले. "मामा, ते वाचून झोप नाही आली," असे पत्राच्या शेवटी होते. का आली नाही, ते मला तेव्हा उमगले नाही.

श्रावणात पुन्हा फोन आला. भाद्रपदात दोघेही अंबडला येणार. ताईचे घर विकायचे होते. ताई जाऊन चार वर्षे झाली, भाऊजी त्याआधीच गेले, घराला कुलूप. गिऱ्हाईक ठरले होते. "कागद करून टाकू. पण मामा, हिनं माझं गाव पाहिलेलं नाही. चार दिवस हिंडवा आम्हाला. आणि हो, येताना काय वाचून येऊ?"

मी निरुत्तर झालो, वाचकहो! कॅरिबियन बेटांसाठी दोन दिवसांत तीन पुस्तके सांगणारा मी, माझ्या स्वतःच्या गावासाठी एक नाव पटकन सांगू शकलो नाही.

आधी हात गेला तो गॅझेटियरकडे. त्यात सारे यथास्थित आहे. अंबऋषी राजाने गाव वसवल्याची दंतकथा आहे, माशाच्या आकाराच्या टेकडीवरची मत्स्योदरी देवी आणि तिची नवरात्रातली जत्रा आहे, होळकरांची सत्ता, अहिल्याबाईंची बारव, खंडोबाचे देऊळ आहे. पण अशी माहिती वाचून माणूस गाव तपासायला येतो, पाहायला येत नाही. 'टेकडी? आहे. माशासारखी? असेल बुवा. चला.' मला पाहिजे होते ते पुस्तक, जे वाचल्यावर परका माणूसही इथल्या एखाद्या रस्त्यावर उन्हात अर्धा तास उभा राहील.

आणि मग लाज वाटावी अशी गोष्ट लक्षात आली. ते पुस्तक मी अठरा वर्षे शिकवीत होतो.

लीळाचरित्र! मराठीतला आद्य गद्य ग्रंथ, तेराव्या शतकाच्या अखेरीचा. कर्ता म्हाइंभट, विषय चक्रधरस्वामींचे चरित्र, भाषा यादवकालीन, गुण सोळा. वर्गात आम्ही त्याचे असे पोस्टमॉर्टेम करतो. पण त्या पुस्तकात आहे काय? एक माणूस गोदावरीच्या काठाकाठाने चालतो आहे. आज या देवळात मुक्काम, उद्या त्या. कोणी जेवायला बोलावले, काय वाढले, कोण रुसले, कोणी वेडा प्रश्न विचारला, महदाइसेने पुन्हा कसा पिच्छा पुरवला, बाइसा कशी स्वामींच्या खाण्यापिण्याची काळजी करीत बसली, पारध्यांच्या कुत्र्यांपुढून जीव घेऊन पळणारा ससा येऊन स्वामींच्या मांडीखाली कसा लपला, हेच सगळे. राजवाडे नाहीत, लढाया नाहीत. रस्ते, ओढे, देवळाच्या पडव्या आणि माणसे यांनीच ते भरलेले आहे. आणि तो मुलूख आमचाच. अंबड तालुक्याची दक्षिण हद्द म्हणजे गोदावरीच. पैठण आमच्या शेजारचे.

त्याहून गमतीचे आणखी एक पुस्तक आहे, 'स्थानपोथी'. स्वामी उत्तरेकडे निघून गेले. मागे राहिलेल्यांना त्यांच्या आठवणींखेरीज काही उरले नाही. तेव्हा ते स्वामी जिथे जिथे बसले, निजले, जेवले, त्या जागा शोधत हिंडू लागले. चौदाव्या शतकात मुनिव्यास कोठी यांनी या जागांची नोंदच करून ठेवली. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या उत्तरेला काय, मागे काय, स्वामी नेमके कुठे बसत, इतक्या बारकाईने! दोन्ही ग्रंथ डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादून आपल्या हाती दिले. म्हणजे पाहा, साहित्य बरोबर घेऊन प्रवास करावा ही कल्पना विलायतेहून आलेली नाही. आपल्या भाषेच्या अगदी पहिल्या गद्यानेच ती केली. आणि मी त्यावर परीक्षेला पाच गुणांची टीप विचारतो! पैठणला मी लग्नाच्या पैठणीसाठी गेलो, नाथषष्ठीला गेलो, धरण पाहायला मुलांची सहल घेऊन गेलो. लीळाचरित्र पिशवीत घेऊन एकदाही गेलो नव्हतो.

मी भाच्याला लिहिले, 'तू काही वाचून येऊ नकोस. पुस्तके मी घेऊन येतो.'

मंडळी आली. सूनबाई गुजराथी, वाढलेल्या अमेरिकेत. मराठी समजते, बोलताना अडखळतात. पहिल्या दिवशी बारवेवर गेलो. पायऱ्या उतरताना त्या म्हणाल्या, "ही आमच्याकडच्या वावसारखी आहे." मी म्हटले, "तुमच्याकडचा आणखी एक माणूस इथे आला होता. चक्रधरस्वामी मूळचे भडोचचे, प्रधानाचे चिरंजीव." त्यावर त्या मोकळेपणी हसल्या आणि म्हणाल्या, "मग मी इथली पहिली नाही!" माझ्या साऱ्या व्याख्यानांत हा मुद्दा इतका सोपा मला कधी करता आला नव्हता. मराठी गद्याच्या उगमाशी एक परमुलखातून आलेला माणूस बसला आहे, आणि त्याने इथल्या बायाबापड्यांच्या भाषेत बोलण्याचा आग्रह धरला, याचे मोल परक्या घरात आलेल्या सुनेइतके कोणाला कळणार?

दुसऱ्या दिवशी शहागडला नदीवर गेलो. पुलावरून बीडकडे जाणाऱ्या मालमोटारी धडधडत होत्या. इथे मी 'गाथासप्तशती' काढली. सातवाहन राजा हाल याने जमवलेल्या सातशे प्राकृत गाथा, स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली त्या मराठी वाचकाला सविस्तर उलगडून दिल्या. गोदावरी त्यांत 'गोला' या नावाने वाहते. त्यातल्या एका गाथेचा अर्थ मी सांगितला. एक धार्मिक गृहस्थ रोज नदीकाठच्या झाडीत फुले तोडायला जातो. तिथे एका बाईची आणि तिच्या प्रियकराची भेटण्याची जागा. ती बाई मोठ्या आदराने त्याला म्हणते की, महाराज, आता खुशाल हिंडा, तुम्हाला भिववणारे ते कुत्रे आज मेले. गोदेकाठच्या जाळीत राहणाऱ्या सिंहाने मारले! कुत्र्याला भिणारा गृहस्थ सिंहाचे नाव ऐकून पुन्हा तिकडे कशाला फिरकतो? बोलते 'जा', सुचवते 'येऊ नको'. आनंदवर्धनासारख्या काश्मिरी पंडिताने ध्वनीचे उदाहरण म्हणून ही गाथा घेतली, आणि हजार वर्षे सारा भारत गोदाकाठच्या या चतुर बाईवर चर्चा करीत बसला.

भाचा काठाकडे पाहत म्हणाला, "जाळी कुठाय, मामा?"

जाळी नव्हती. सिंह तर नव्हताच. वेडी बाभूळ होती, आणि वाळू उपसलेले खड्डे. जायकवाडीच्या धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते ते पुरे झाले. तेव्हापासून पैठणच्या खाली नदी कधी भरून वाहायची, हे पुष्कळसे दरवाजांवर ठरते. वरच्या बाजूला शंभरावर गावे पाण्याखाली गेली. गाथेतली नदी पाहायला आलेल्या माणसाला हेही दिसले पाहिजे. किंबहुना, गाथा वाचून आल्यामुळेच ते डोळ्यांत खुपते. नाहीतर वाळूचे खड्डे कोणाच्या लक्षात येतात?

तिसऱ्या दिवशी पाचोडवरून पैठण. नाथांच्या वाड्यात आणि समाधीवर गर्दी होती, त्याविषयी काही लिहीत नाही. नाथांनी पोळत्या वाळवंटातून उचलून आणलेल्या मुलाची गोष्ट भाच्याने स्वतःच बायकोला सांगितली, आणि चांगली सांगितली. माझे मन दुसरीकडे होते. पैठणला स्वामींचे वास्तव्य भोगनारायणाच्या देवळात होते, असे लीळाचरित्रात आहे. विचारत विचारत आम्ही महानुभावांच्या ठिकाणी पोहोचलो. स्वच्छ सारवलेले आवार, आणि चुना दिलेला पांढराशुभ्र ओटा. स्वामींचा जिथे जिथे संबंध आला तिथे असे ओटे असतात. एक वृद्ध तपस्विनी जपमाळ घेऊन बसल्या होत्या.

मी पिशवीतून कोलत्यांची जाडजूड प्रत काढली आणि सूनबाईंना एक लीळा वाचून दाखवू लागलो. वर्गात वाचतो तसाच, शब्दाशब्दाला थांबून, 'हे सप्तमीचे रूप पाहा' असे म्हणत. चार ओळी झाल्या असतील. आजींनी डोळे न उघडताच पाचवी ओळ म्हटली. मग सहावी. मग सगळी लीळा. पुस्तकातल्यापेक्षा दोन-तीन शब्द वेगळे होते. मी, सवयीने, 'आजी, छापील पाठ असा आहे' म्हणायला तोंड उघडले.

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "तुम्ही वाचता. आम्ही आठवतो, बाबा."

मी पुस्तक मिटले. नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण हा या पंथाचा आचारच आहे, हे मी मुलांना फळ्यावर लिहून देतो. खालशाच्या धाडीत मूळ पोथी हरवली आणि पुढे लीळाचरित्र माणसांच्या आठवणीतूनच पुन्हा उभे राहिले, हेही लिहून देतो. पण त्या आठवणीची साखळी सातशे वर्षांनंतर या ओट्यापाशी माळ ओढीत बसलेली असेल, हे माझ्या ध्यानी आले नव्हते. मी तिला प्राचीन मराठी साहित्य समजत होतो. तिचे ते आजचे सकाळचे काम होते.

परतताना गाडीत भाचा म्हणाला, "मामा, वॉलकॉटचं असंच झालं होतं की." ते भाषण मीच त्याला सुचवलेले, आणि मी ते अर्धवट वाचले होते! त्याने सांगितले ते असे. त्रिनिदादमध्ये फेलिसिटी नावाचे गाव आहे. १८४५ सालापासून मळ्यांवर मजूर म्हणून नेलेल्या हिंदी लोकांच्या वंशजांची तिकडे वस्ती. तिथली मोकळ्या मैदानातली रामलीला पाहायला वॉलकॉट गेले. प्रथम त्यांना ते नाटक वाटले, दूरच्या हरवलेल्या मूळ वस्तूची एक केविलवाणी नक्कल वाटली. मग त्यांनी नोबेलच्या व्यासपीठावरून कबूल केले की, मी चुकीचे वाचले. ते लोक नक्कल करीत नव्हते. ते श्रद्धेने आणि आनंदाने आपल्या घरचे काम करीत होते. एवढा मोठा कवी, आणि साऱ्या जगापुढे आपली चूक सांगतो. मी तर फक्त भाच्यापुढे गप्प बसलो.

म्हणून प्रवासात पुस्तक न्यावे, पण त्याच्या गुर्मीत राहू नये असे मला वाटते. दुर्गाबाई भागवतांचे 'पैस' घ्या. नेवाशाच्या खांबापाशी जाण्याआधी ते जरूर वाचावे. पण खांबापाशी पोहोचल्यावर मिटून ठेवावे. जुन्या पुस्तकांची एक खोडही आहे. ती इतकी गोड असतात की, समोरचा जिवंत माणूस त्यांच्या आड जातो. आमचा ड्रायव्हर तीन दिवस निमूटपणे स्वामी आणि सातवाहन ऐकत होता. पाचोड ओलांडल्यावर एका उजाड रानाकडे हात करून म्हणाला, "सर, इथं आमची मोसंबी होती." २०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या. टँकरने पाणी घालून लोकांनी झाडे धरली, आणि शेवटी कुऱ्हाड लावली. त्याने किती झाडे तोडली तो आकडा सांगितला, आणि पुढे अंबड येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. हे कोणत्या पुस्तकात आहे? त्या रात्री मी भाच्याला भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' ही कथा वाचायला दिली. ती टोमॅटोची आहे, मोसंबीची नाही. पण बाजारात आपलाच माल पायांखाली तुडवणारा तो बाप पाहिला की, आमच्या आठवडी बाजारात भाव करायला जीभ रेटत नाही. मराठवाड्यात हिंडायचे आणि नुसती संतांचीच पुस्तके न्यायची, हे मला पटत नाही.

जांबला मात्र जाणे झाले नाही. समर्थांचे जन्मगाव, पूर्वी अंबड तालुक्यातच होते, आता घनसावंगीत आहे. 'सावधान' शब्द ऐकून बोहल्यावरून पळालेला मुलगा आणि त्याची वाट पाहून डोळे गमावलेली राणूबाई, ही कथा सांगायची म्हणून मी ठरवून ठेवली होती. पण परदेशी गेलेल्या, आईच्या शेवटच्या दुखण्यात वेळेवर न पोहोचलेल्या भाच्याला ती तिथे उभे राहून सांगण्याचे मला धाडस झाले नाही. "पाऊस दिसतोय," असे म्हणून मी तो बेत रद्द केला.

चौथ्या दिवशी ताईच्या घराचे कुलूप काढले. माळवदाचे घर. माझी शाळेची सहा वर्षे याच घरात गेली. दार उघडताच वाळलेल्या मातीचा आणि जुन्या धान्याचा वास आला. सूनबाई ढेलजेत उभ्या राहून एकदा चहूकडे पाहिल्यासारखे करून म्हणाल्या, "मामा, त्या दुसऱ्या पुस्तकात कसं लिहिलं होतं? दार कुठल्या दिशेला, मागे काय?"

भाच्याने खिशातून वही काढली. मला वाटले, गिऱ्हाइकाला द्यायची मोजमापे घेतो आहे. तर त्याने लिहिले, 'घर पूर्वाभिमुख. ढेलजेच्या डाव्या हाताला आजीची बसायची जागा.' मग मला विचारू लागला. जाते कुठे होते? आई निवडायला कुठे बसे? दिव्याचा कोनाडा कोणता? मी सांगत गेलो. बळद या भिंतीत. ताई बळदाला पाठ लावून बसायची, उन्हाळ्यात तिथे गार लागे. भाऊजी माळवदावर निजायचे, शिडीच्या बाजूला डोके करून. परसात आड. पाण्यासाठी मी ज्या दगडावर उभा राहायचो तो हा. सूनबाई प्रत्येक जागी जाऊन उभ्या राहत आणि तिथून काय दिसते ते इंग्रजीत सांगत. भाचा मराठीत लिहून घेई. दुपार टळली तरी कोणी जेवणाचे नाव काढले नाही.

तुळशीवृंदावनाशी मात्र आमचे अडले. ते पडून कैक वर्षे झाली, खूण राहिलेली नाही. मी म्हणतो आडाच्या उत्तरेला, भाचा म्हणतो पूर्वेला, आणि दोघेही शपथेवर सांगायला तयार! शेवटी परभणीला थोरल्या मावशीला फोन लावला. ऐंशीच्या घरातली बाई. तिने आधी, घर विकताय तर वृंदावन कशाला पाहिजे, म्हणून दोघांनाही झाडले. मग थोडा वेळ बोललीच नाही.

"थांबा," ती म्हणाली, "मला जरा डोळे मिटून बघू द्या."

आम्ही तिघे आडापाशी फोन धरून उभे राहिलो.